मुसळाचं पाप

"आवाज वाढव गं! काही ऐकू येत नाही!"

माझं सलून तसं चार खुर्च्यांचं. त्या दिवशी आत इतक्या बायका शिरल्या होत्या की मला कंगवा फिरवायला जागा नव्हती. कुणाच्या अर्ध्याच वेण्या घालून झालेल्या, कुणाच्या डोक्यावर फेस तसाच, आणि सगळ्या एका फोनवर वाकलेल्या.

फोनमध्ये प्रॉफेट ब्राईट उभा होता. प्रॉफेट म्हणजे देवाचा संदेष्टा. ही पदवी त्याला कुणी दिली ते विचारू नका, त्याची त्यानेच घेतली होती. पांढरा सूट, पांढरे बूट, आणि बोटावर झुलणारी सोन्याची साखळी.

"मायबहिणींनो!" तो गरजला. "बाजारातलं सोनं आंधळं असतं! चोराच्या गळ्यातही चमकतं! पण हे आहे साक्षीसोनं. हे बघतं, हे ओळखतं! निर्मळ गळ्यात झळकेल, पापी गळ्यात काळं पडेल! कोण आहे तयार?"

दोन बायका पुढे आल्या. दोघींच्या गळ्यात साखळ्या घातल्या, वरून तेल चोळलं, पांढरं कापड टाकलं. मग बराच वेळ गाणी आणि प्रार्थना झाल्या. कापड काढलं तर एकीची साखळी लखलखीत, दुसरीची तव्यासारखी काळी. दुसरीने तिथेच लोळण घेतली आणि "मी नवऱ्याला फसवलं हो!" म्हणून टाहो फोडला.

"आमेन!" माझं सलून एकसुरात म्हणालं.

मला मात्र हसू दाबवेना. त्याच बाईला मी मागे दुसऱ्या एका व्हिडिओत लंगडताना आणि त्याच प्रॉफेटच्या हाताने बरी होऊन नाचताना पाहिलं होतं. पाय बरा झाल्याबरोबर बाई पाप करायला निघाली म्हणायची!

आम्ही राहतो ओबुआसीत. पायाखाली सोन्याची खाण, बाजारात सोनारांची रांग, प्रत्येकाकडे तराजू आणि कसोटीचा दगड. आणि आमच्या बायका सोनं मागवत होत्या फोनवरून, न बघता, न तोलता, पैसे आधी पाठवून. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच. बसने डबा यायचा. डब्यात साखळी, तेलाची बाटली आणि सूचना: रोज झोपताना साखळीला आणि गळ्याला तेल चोळा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, ते पाप बाहेर पडत आहे.

आणि समजा, साखळी काळी पडली तर? त्याचीही सोय होती. दक्षिणा जोडून ती शुद्धीकरणाला परत पाठवा, पुन्हा चमकत येईल. "माल खोटा आहे," असं कुणी लिहिलंच तर उत्तर तयार असायचं, "ताई, आधी स्वतःचा गळा तपासा." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. गंमत म्हणजे गावात कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे सोनं खरं, असा आमच्या बायकांचा हिशेब.

हसायचं माझं थांबलं ते सेरवामुळे.

सेरवा दवाखान्यात नर्स आहे, माझ्या शेजारघरची पोर. ओपोकू नावाच्या मेकॅनिकशी तिचं ठरलं होतं. शनिवारी मागणीचा कार्यक्रम होता. मुलाकडचे मानाच्या दारूच्या बाटल्या, कापडं, दागिने घेऊन येणार. पण ओपोकूच्या आईने, फोसुआ काकूने, दागिना आधीच पाठवला होता, साक्षीसोन्याचा. तेलाच्या बाटलीसकट. "रोज लाव हो सूनबाई," असा निरोपही होता. बिचारीने मान म्हणून लावलं.

बुधवारी फोसुआ काकू माझ्या सलूनमध्ये शिरली. अंगावर चर्चचे कपडे, गळ्याला घट्ट रुमाल, मुठीत साखळी. मागे सेरवा, डोळे सुजलेले. तिच्यामागे तिचा मामा ग्यासी. आमच्यात भाचीचं बरंवाईट मामा बघतो.

"बघा सगळ्यांनी!" काकूने मूठ उघडली. साखळी काळी ठिक्कर. "आणि हिच्या गळ्याभोवती काळा वळ! रात्रपाळी, रात्रपाळी म्हणते ही. कुणाची रात्रपाळी ते सोन्याने सांगितलं!"

"तोंड सांभाळा, बाई," ग्यासी मामा म्हणाला.

"मी कशाला सांभाळू? सोनं बोललंय! शनिवारी आम्ही येणार नाही. आणि का येणार नाही, ते चर्चमध्ये सांगणार!"

बायका सेरवाकडे बघायला लागल्या. आदल्या आठवड्यात जिने त्यांच्या पोरांना सुया टोचल्या, तिच्याकडे. एकीने तर आपली खुर्ची मागे सरकवली. मला असा संताप आला की हातातला कंगवा फेकून मारावा.

तेवढ्यात केस वाळवायच्या यंत्राखालून आवाज आला, "अफ्रा, तुझ्याकडे लिंबू आहे का गं?"

मॅडम अमपोन्सा. शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, डोक्यावर केस कुरळे करायच्या गुंडाळ्यांचा डोंगर घेऊन बसल्या होत्या.

"लिंबू?" मी म्हटलं.

"आणि चुलीतली राख."

शेजारच्या खाणावळीतून दोन्ही आलं. मॅडमनी काकूच्या हातातून साखळी घेतली आणि लिंबू-राखेने खसाखसा घासली. भांडं घासावं तशी. काळं पाणी निघालं आणि साखळी चमकायला लागली.

"झालं शुद्धीकरण," मॅडम म्हणाल्या. "दक्षिणा नको. लिंबू खाणावळीचं होतं."

"वरचं पाप गेलं, आतलं राहिलं!" काकू म्हणाली.

"मग आपण निष्पाप गळा शोधू. फोसुआताई, तुमच्या मते गावात पूर्ण निष्पाप कोण?"

काकू विचारात पडली. कुणी म्हणालं पास्टर. त्यावर दोघी-तिघी खोकल्या. कुणी म्हणालं तान्हं मूल. काकू म्हणाली, "मूलही आईबापाचं पाप घेऊन येतं."

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मी मुसळ सुचवते."

सगळ्या बघतच राहिल्या. खाणावळीत फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदांचा गोळा, कुटायचं मुसळ, पुरुषापेक्षा उंच. दोघांनी ते उचलून आणलं, दारात अडकलं, तिरकं करून आत घेतलं.

"धुवून घेतलंय. आता मी हातही लावत नाही," मॅडम म्हणाल्या. "साखळी तुम्हीच बांधा, ताई. तेल तुमच्याच बाटलीतलं लावा. खोली तुमची, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे. शनिवारी घेऊन या. मुसळावर साखळी चमकत राहिली तर सेरवाच्या वतीने मी तुमच्या पाया पडेन."

"आणि काळी पडली तर?" ग्यासी मामाने विचारलं.

"मग मुसळाच्या बायकोला कळवावं लागेल."

काकू चिडली, पण प्रॉफेटवर तिचा पूर्ण विश्वास होता. तिने साखळीचे दोन वेढे मुसळाला घातले, तेल चोळलं आणि मुसळ घरी नेलं.

शनिवारी सेरवाच्या अंगणात मंडप उभा राहिला. लग्नापेक्षा जास्त गर्दी होती. सगळ्यांना मुसळ बघायचं होतं. सेरवा आत बसून राहिली होती, तिला जेवण जाईना. मी तिच्या वेण्या घालत होते. ती म्हणाली, "ताई, मुसळ काळं नाही पडलं तर मी या गावात कुणाच्या तोंडाकडे बघू?" मी तिला "पडेल" म्हटलं, पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

मुलाकडचे आले. पुढे बाटल्या, मागे दोन माणसांच्या खांद्यावर कापडात गुंडाळलेलं मुसळ, आणि त्यामागे फोसुआ काकू. तिचा चेहरा पाहून मला काहीच कळेना. रागही नव्हता, तोराही नव्हता.

ग्यासी मामाने कापड ओढलं.

साखळी काळी ठिक्कर. आणि लाकडावर तसाच काळा वळ.

सगळ्या माना पुढे झाल्या. मग खाणावळवाली ओरडली, "अरे देवा, माझं मुसळ!"

"शोभतं का रे तुला?" ग्यासी मामाने मुसळाला विचारलं. "जन्मभर एका उखळाशिवाय दुसरीकडे पाहिलं नाहीस, असं आम्ही समजत होतो!"

अंगण हसून हसून आडवं झालं. आजोबा लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

हसली नाही ती एकटी फोसुआ काकू. ती खुर्चीवर बसली, गळ्याचा रुमाल सोडला, आणि खालची साखळी सगळ्यांना दिसली. काळी.

"ही माझी," ती म्हणाली. "सेरवाला दिली त्याच्या आधी घेतलेली. दोनदा शुद्धीकरणाला पाठवली, दोनदा पुन्हा काळी पडली." मग ती मुलाकडे वळली. "तुझा बाप गेला तेव्हा मी त्याच्यापाशी नव्हते रे. मी बाजारात माल उतरवून घेत होते. मला वाटलं, सोन्याला ते कळलंय. मी उपास केले. कुणाला सांगू? शुक्रवारी कुलूप उघडून हे मुसळ पाहिलं आणि रात्रभर रडले."

आता हसणं थांबलं. मागून एक बाई उठली, पर्समधून कागदाची पुडी काढली. काळी साखळी. मग दुसरी उठली. मग गायनपथकातली एक, मग आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांची बायकोदेखील. बुधवारी खुर्ची मागे सरकवणारीही होती त्यांत! प्रत्येकीला वाटत होतं, गावात पापी मी एकटी. इतक्या जणींना एकाच माणसाने तोंड दाबून बुक्क्यांचा मार दिला होता, आणि तोंड दाबायला त्याने हात त्यांचाच वापरला होता.

मॅडम उभ्या राहिल्या. "ऐका. ही साखळी पितळेची. वर सोन्याचं पाणी, तेही नावापुरतं. तेलात गंधक आहे, खरजेच्या मलमात घालतात ते. गंधक लागलं की पितळ काळं पडतं, आणि कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. पापाला वास नसतो, असता तर या अंगणात नाक धरून बसावं लागलं असतं. ही माझ्या आईची अंगठी, खऱ्या सोन्याची. बुधवारपासून सेरवाच्या बाटलीतल्या त्याच तेलात बुडवून ठेवली होती." त्यांनी बाटलीतून अंगठी काढून पुसली. जशीच्या तशी पिवळी. "हातात घेऊन बघा. एवढीशी अंगठी किती जड आहे आणि ही लांबलचक साखळी किती हलकी."

"मग त्या व्हिडिओतल्या पहिल्या बाईची कशी चमकली?" कुणीतरी विचारलं.

"तिला साधं तेल लावलं. दोन बाटल्या होत्या, बाई. चमत्कार तेवढाच. आणि शुद्धीकरण म्हणजे पुन्हा तेच पाणी चढवायचं, त्याचे पैसे घ्यायचे."

मुलाकडच्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरला. झालं गेलं विसरून कार्य उरकावं, असं त्याचं म्हणणं. ग्यासी मामाने सेरवाला बाहेर बोलावलं. आमच्याकडे मुलीला तीनदा विचारतात.

"सेरवा, या बाटल्या आम्ही घ्यायच्या का?"

ती बाटल्यांकडे बघत राहिली.

"सेरवा, घ्यायच्या का?"

ती ओपोकूकडे वळली. "तुला कोण खरं वाटलं? साखळी की मी?"

"आईला दुखवायचं नव्हतं मला," तो पुटपुटला.

"मी ते विचारलं नाही."

ओपोकूने मान खाली घातली. "मनात आलं होतं, खरं असलं तर? मी घाबरलो. तुला येऊन विचारायला हवं होतं."

"सेरवा," मामाने तिसऱ्यांदा विचारलं, "घ्यायच्या का?"

"घ्या, मामा. पण बूच काढू नका." आणि ती फोसुआ काकूसमोर जाऊन उभी राहिली. "काकू, साखळी तुम्ही विकत घेतलीत, पैसे तुमच्या फोनवरून गेले. तक्रार तुम्हीच करू शकता. सोमवारी माझ्याबरोबर पोलिसांत चला. तक्रार नोंदली की बूच काढू."

"लोक काय म्हणतील गं?" काकूचा आवाज चिरकला. "म्हणतील, हिचीपण काळी पडली."

"माझीही पडली होती, काकू. तरी मी रोज कामावर गेले."

सोमवारी काकू आली. तिच्यामागे साखळ्यांच्या पुड्या घेऊन बायकांची रांग, चौकीच्या पायऱ्यांपर्यंत. टेबलामागचा पोलीस सगळं ऐकून मिशीतल्या मिशीत हसला. "मग आई, तुमचं नेमकं पाप काय होतं म्हणे?"

"एकच, साहेब," काकू म्हणाली. "विकणाऱ्याला एकही प्रश्न न विचारता पैसे दिले. लिहून घ्या. आणि नाव मोठ्या अक्षरांत लिहा."

ज्या खात्यात पैसे गेले ते पोलिसांनी गोठवलं, काहींचे पैसे परत आले, बऱ्याच जणींचे नाही आले. प्रॉफेटचा फोन लागत नाही. कुठेतरी दुसऱ्या सुटात, दुसऱ्या नावाने काहीतरी विकत असेल. सेरवाचं लग्न झालं.

तुम्हाला एवढंच सांगते. सोनं कुणाबद्दल साक्ष देत नाही. ते तराजूवर चढतं आणि कसोटीवर रेघ ओढतं, त्यापलीकडे त्याला काही येत नाही. घ्यायचंच असेल तर तोलून, घासून, समोर बसून घ्या. ज्याला समोर येण्याची लाज वाटते, त्याला पैसे पाठवू नका, मग तो देवाचं नाव कितीही घेवो. आणि फसलात तर गळ्याला रुमाल बांधून बसू नका, पहिल्याच दिवशी ओरडा. तुम्ही गप्प बसलात, तर उद्या तोच डबा तुमच्या शेजारणीच्या दारात येईल, आणि तिची पोर रडेल.