साहेबांची ओसीडी

साहेबांना ओसीडी आहे हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, कारण साहेब ते स्वतःच सांगत. टेबलावरचं पेन कडेला समांतर नसेल तर त्यांना चैन पडत नसे. पडदा एका बाजूला जास्त सरकलेला दिसला की ते उठत, तो सारखा करत, आणि समोर बसलेल्या माणसाला म्हणत, "काय करणार, मला ओसीडी आहे ना!" इतर लोक आपली मुलगी पहिली आल्याचं ज्या सुरात सांगतात, तोच हा सूर.

कारखाना कुलपांचा होता. साहेबांचं बघून बाकीच्यांनीही आपापली अक्षरं निवडून घेतली होती. हिशेब बघणाऱ्या बाईंना एडीएचडी होतं, म्हणजे त्यांना फाइल सापडत नसे. भांडारवाल्याला सोमवारी सकाळी पीटीएसडी होई आणि चहा मिळाला की उतरे. फाटकावरच्या रखवालदाराला अजून काहीच झालेलं नव्हतं, त्यामुळे तो बिचारा चारचौघांत जरा अंग चोरूनच उभा राही. पूर्वी या सगळ्याला स्वभाव म्हणत आणि त्यावरून बोलणी खावी लागत. अक्षरं आली आणि कौतुक सुरू झालं.

खरी ओसीडी कारखान्यात एकीलाच होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तिला सगळे शिक्केवाली म्हणत. तयार झालेलं प्रत्येक कुलूप तिच्या बाकावर येई. किल्ली फिरवायची, कडी ओढायची, खटका कान देऊन ऐकायचा आणि शिक्का मारायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे नापास. नापास केलं की शेजारी कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय नापास धरत नसत. कारखान्यात नियम पुष्कळ होते, पण पाळला जाई तो एवढाच. बाकावर तिचा हात कधी अडखळला नाही. कुलूप एकदा ओढलं की तिच्या लेखी ते संपलं.

घरच्या दाराला याच कारखान्याचं कुलूप होतं, तिच्याच बाकावरून पास झालेलं. ते मात्र संपत नसे. सकाळी ती कुलूप लावी, ओढी, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाई आणि परत येई. परत ओढी. कुलूप बंद आहे हे तिच्या हाताला कळत होतं, डोळ्यांना कळत होतं, पण आत कुठेतरी कुणीतरी म्हणे, 'आणि नसलं तर? कुणी आत शिरलं तर? तुझ्यामुळे!' की परत माघारी. कडी ओढून ओढून अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली होती. कारखान्यात ती सांगे, कुलपं तपासून फाटली. ते सगळ्यांना पटे.

नवरा शिंपी, सकाळी दुकानात जायला तिच्याबरोबरच निघे. एकदाच मोजून कापणारा, आणि त्याचा त्याला अभिमान.

"बंद आहे गं बाई, मी पाहिलंय."

"नीट पाहिलंस?"

"नीट पाहिलं."

"कडी ओढलीस?"

"कडी काय, दारच उपटून आणतो. मग तर झालं? अगं, मी एकदाच मोजतो. आजवर एक पँट आखूड झालेली नाही."

"तुझ्या स्वतःच्या पँटकडे बघ."

तो खाली बघे आणि मग तिच्या समाधानासाठी स्वतःच परत जाऊन कुलूप ओढून येई. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. शेवटी एका सकाळी ती दारातच बसून रडली, तेव्हा तो तिला मनाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तीन अक्षरं सांगितली. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणायची, असंही म्हणाल्या. ती तीन अक्षरं ऐकून शिक्केवालीला इतकं हलकं वाटलं की तिने ती परत एकदा म्हणायला लावली. आपल्याला वेड लागलंय असं ती धरून चालली होती. पण नाव आहे म्हणजे आपल्याआधी कितीतरी जणांना झालेलं असणार. ती सगळी माणसं आपापल्या दारात उभी असणार.

उपाय मात्र भलताच होता. एकदा कुलूप लावायचं आणि निघायचं. भीती येईल. येऊ द्यायची, मागे वळायचं नाही. चढून चढून ती दमते आणि उतरते. यासाठी दर गुरुवारी दुपारी यावं लागेल. "आणि तुम्ही," डॉक्टरीणबाई नवऱ्याकडे वळल्या, "बंद आहे, बंद आहे असं सांगायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, मला ठाऊक नाही."

"पण मला ठाऊक असलं तर?"

"तरीही."

बायकोशी खोटं बोलायला डॉक्टरने सांगितल्याचं त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तो मान डोलावून बाहेर आला.

गुरुवारची दुपार मागायला शिक्केवाली साहेबांकडे गेली, आणि तिथे तिची चूक झाली. साहेबांना खरंच ओसीडी आहे असं ती समजत होती. कुलूप एकदा ओढून बघावं तसं साहेबांना तिने कधी ओढून बघितलं नव्हतं.

"साहेब, मलाही ओसीडी आहे."

"वा! तरीच काम इतकं चोख!"

"साहेब, एक विचारू? तुम्ही सकाळी घरातून निघता कसे?"

"गाडीने."

"तसं नाही. म्हणजे तुमचं कशाचं आहे? दाराचं, गॅसचं, की हात धुण्याचं?"

साहेबांनी हात हळूच टेबलाखाली घेतले.

"माझं दाराचं," ती म्हणाली आणि अंगठ्याचं बेचकं त्यांच्यासमोर धरलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणा बाहेरच्याला दाखवत होती, त्यामुळे थांबता येईना. कोपऱ्यावरून परत फिरणं, डोक्यातला तो आवाज, दारात बसून रडणं, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच आहे सगळं."

साहेबांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पेन उचललं आणि परत ठेवलं. ते तिरकं पडलं. तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचे दोन्ही शिक्के साहेबांच्या खणात गेले आणि ती खोकी भरायच्या विभागात.

"तुमच्या काळजीपोटीच," साहेब म्हणाले. "जिला स्वतःच्या दाराची खात्री नाही, ती आपल्या कुलपांना पास करते, हे व्यापाऱ्यांच्या कानावर गेलं तर? आणि गुरुवारचं म्हणाल तर, खोक्यांचं काम दुपारीच जास्त असतं हो."

त्याच आठवड्यात मोठ्या दालनात भिंतभर फलक लागला. वर साहेबांचा हसरा फोटो, खाली ठळक अक्षरं: 'होय, आम्हाला ओसीडी आहे! तीनदा तपासल्याशिवाय आमचं कुलूप बाहेर जात नाही!'

शिक्केवाली त्या फलकाखाली बसून खोकी भरू लागली. तिच्या बाकावर भांडारवाला बसला. तो पोस्टात टपाल बडवावं तसे शिक्के बडवत होता. तिला राग यायला जरा वेळ लागला. आला तेव्हा तिने तोही आधी तपासून घेतला. खरा होता.

पुढच्या आठवड्यात जाहिरातवाला आला. फलकाचं काम त्याचंच. कुणीतरी त्याच्या कानात शिक्केवालीचं सांगितलं, आणि तो केबिनमध्ये इतक्या जोरात बोलला की खोक्यांपर्यंत ऐकू आलं. "तुमच्याकडे खरी आहे? खरी? आणि तुम्ही तिला पुठ्ठ्यांत बसवलीय?"

साहेबांनी तिला बोलावून घेतलं. फक्त एक फोटो. हातात कुलूप, चेहऱ्यावर हसू. शिक्के परत मिळतील, गुरुवारचंही बघता येईल.

घरी नवऱ्याने शिलाई मशीन थांबवलं. "काढून टाक ना एक फोटो. हसायचं आणि शिक्के घेऊन यायचे."

"कशाला हसू?"

"फोटोला माणूस कशालाही हसतो. आपल्या लग्नाच्या फोटोत मी हसलोय."

"तेव्हा तुला ठाऊक नव्हतं."

"तुला ठाऊक होतं?"

"मला फक्त दाराचं ठाऊक होतं," ती म्हणाली. "साहेबांचं नव्हतं. त्याचाच राग येतो रे. मी त्यांना माझ्यातलं समजले."

 नवऱ्याने पायडलवर पाय ठेवला आणि परत काढला.

फोटोच्या दिवशी दालनात एक सुटं दार उभं केलं होतं. मागे खोली नव्हती, फलक होता. दाराला कुलूप. शेजारच्या टेबलावर शोभेला तिचे दोन्ही शिक्के, शाईची गादी आणि पेन. सगळा कारखाना काम टाकून गोळा झाला होता.

"ताई, सोपं आहे," जाहिरातवाला म्हणाला. "कडी तीनदा ओढायची. तिसऱ्यांदा ओढलं की माझ्याकडे बघून गोड हसायचं."

तिने ओढली. परत ओढली. तिसऱ्यांदा ओढली आणि हात कडीवर तसाच राहिला.

"हसा, ताई!"

"तिसऱ्यांदा मला हसू येत नाही, दादा. तिसऱ्यांदा घाम येतो."

"मग चौथ्यांदा हसा, हरकत नाही."

"चौथ्यांदा रडू येतं." ती वळली. "बहिणीला मुलगी झाली त्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा भेटायची वेळ संपली होती. का? तर दारातून पाय निघेना. तिला सांगितलं, बस चुकली. सगळ्यांना हेच सांगते. कितीतरी वर्षं माझी बस चुकतेच आहे! आणि हे तुम्ही भिंतीवर लावता? वर ह्यांचा फोटो लावून? ह्यांना काय होतं? ह्यांना पेन सरळ लागतं! पेन सरळ लागतं त्याला केबिन, आणि जिला खरंच आहे तिला पुठ्ठा?"

"बाई, आवाज जरा—" साहेब म्हणाले.

"आवाज तपासलाय मी. बरोबर आहे! सांगा सगळ्यांसमोर, माझ्या बाकावरून गेलेलं एक तरी कुलूप परत आलंय?"

 मागून भांडारवाला खाकरला. "माझी आलीत. या आठवड्यात. बरीच."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला सोमवार नसतानाही पीटीएसडी झाला.

शिक्केवालीने टेबलावरचा लाल शिक्का उचलला, गादीवर दाबला, त्या खोट्या दाराला वळसा घालून फलकापाशी गेली आणि साहेबांच्या हसऱ्या फोटोखाली, बरोबर 'ओसीडी'वर, सगळ्या अंगाचा जोर लावून शिक्का मारला. नापास. फलकामागचा पत्रा वाजला.

 खोकी भरणाऱ्या बायकांपैकी एक काळजीने म्हणाली, "अगं, कारण लिही. नाहीतर धरत नाहीत."

तिने टेबलावरचं पेन घेतलं आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'न तपासता लावला.'

"ह्याचाच फोटो घेऊ का?" जाहिरातवाल्याने विचारलं.

"नको!" साहेब म्हणाले.

ती दोन्ही शिक्के घेऊन आपल्या बाकाकडे निघाली. भांडारवाला धावत पुढे गेला, बाकावरचा आपला चहाचा कप उचलला आणि म्हाताऱ्या माणसाला बसमध्ये जागा द्यावी तसा अदबीने बाजूला झाला. तिने पहिलं कुलूप घेतलं. किल्ली फिरवली, ओढलं, ऐकलं. नापास. कारण लिहिलं.

साहेब मागोमाग आले. "ते शिक्के कंपनीचे आहेत."

"मग? कंपनीचीच कुलपं तपासतेय."

"ठीक आहे, बसा. गुरुवारचं आपण नंतर बघू."

"बघू नाही. गुरुवारी दुपारी मी नसणार. रजा मागत नाहीये, सांगतेय." तिने पुढचं कुलूप ओढलं. "आणि तो फलक उतरवा. नापास माल दालनात ठेवत नाहीत."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. भांडारवाला जोरजोरात मान हलवत होता. त्याला आपल्या भांडारात परत जायचं होतं. फाटकापाशी परत आलेल्या मालाची गाडी उभी होती. "बरं," साहेब म्हणाले. केबिनमध्ये जाऊन त्यांनी पडदा पूर्ण ओढून घेतला. त्या दिवशी तो सारखा केला नाही.

गुरुवारी दुपारी तिने घराला कुलूप लावलं. एकदा ओढलं. दोघं निघाली. कोपऱ्यावर तिचे पाय थांबले.

"बंद केलं ना रे मी?"

नवऱ्याच्या कपाळावर घाम आला. शाळेत कविता म्हणावी तसा तो म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"मेल्या, तुझ्या डोळ्यांदेखत लावलं की!"

"असेल. मला ठाऊक नाही."

"एवढं एक सांगता येत नाही? साहेब परवडला तुझ्यापेक्षा!"

"मला ठाऊक नाही," नवरा म्हणाला.

तिने त्याच्यावर, कुलपावर, साहेबांवर आणि डोक्यात बडबडणाऱ्या त्या आवाजावर एकदम दात खाल्ले. बस आली. ती चढली. तो तिच्या पाठोपाठ चढला. खिडकीपाशी जोडआसन रिकामं होतं. ती बसली, पिशवी छातीशी आवळून. गल्ली मागे गेली, कोपरा मागे गेला, आणि ती मान ताठ धरून समोर बघत राहिली.

"उतरली का भीती?" त्याने वाकून हळूच विचारलं.

"नाही."

"मग कुठंय?"

"बसलीय शेजारी," ती म्हणाली. "तू उभा राहा."