पायाळू

चंचलचं लग्न झालं ते वर्ष. पांढुर्णा तेव्हा जिल्हा झाला नव्हता, त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर झाला. पोरगी सावरगावला दिली. मांडवाचे बांबू काढून जेमतेम महिना झाला असेल, तोच भर मार्चात आभाळ फिरलं.

चंचलचे आजोबा पुंडलिकराव मोहगावच्या अलीकडे राहतात. चार एकर संत्रा, बाकी कपाशी. आईच्या पोटातून ते डोक्याकडून न येता पायाकडून आले. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आपल्याकडे लोक मानतात. पायाळू माणसावर वीज पडते, असंही मानतात.

त्यामुळे उन्हाळ्यात पुंडलिकरावांना मोठा मान. कुणाला बोअर मारायची असली की थेट लोधीखेड्याहून माणूस मोटरसायकल घेऊन दारात उभा. हातावर नारळ ठेवून ते शेतभर हिंडत, आणि नारळ उभा झाला की तिथं दगड ठेवून चहाला बसत. पायाळूच्या लाथेनं धरलेली कंबर सुटते म्हणतात, म्हणून कुणाची कंबर धरली तर तो ओसरीवर पालथा पडून म्हणे, "हाणा बाबाजी एक लाथ." पण ढग गरजले की हीच माणसं अंग चोरून बसत. तोंडानं जा असं कुणी म्हणत नसे. एखाद्याला खोकला येई, एखादा उगाच बाहेर बघत राही, आणि पुंडलिकराव आपणहून उठून दुसरीकडे जात. दुसरीत असताना मास्तरांनी त्यांना पावसात वऱ्हांड्याच्या टोकाला बसवलं होतं. त्यानंतर ते शाळेत गेले नाहीत.

लग्न झाल्यावर पहिल्याच आषाढात आईनं त्यांचं अंथरूण गोठ्यात टाकलं. नवी नवरी जयवंता ताट घेऊन आली, ताट ठेवलं आणि तिथंच बसली.

"तू घरात जाय. माह्यावर पडन बिजली," ते म्हणाले.

"पडू द्या. दोघांवर पडली तर सासूबाईला एकटीलेच भाकरी थापा लागन," ती म्हणाली.

तेव्हापासून शेहेचाळीस वर्षं असंच चाललं. आभाळ वाजलं की ते लोकांतून उठत आणि ती त्यांच्या मागे जाई. ते तिच्यावर खेकसत, परत जाय म्हणत, आणि खेकसता खेकसता पोतं मात्र दोघांपुरतं अंथरत.

त्या शनिवारी बागेत मृग बहाराच्या संत्र्यांची तोड चालली होती. सात-आठ माणसं झाडांवर होती. जयवंताबाई खाली बसून फळं निवडून कॅरेटमध्ये भरत होत्या. आदल्या आठवड्यात त्यांना ताप येऊन गेला होता. मुलगा भूपेंद्र गाडी पाहायला सौंसरला गेला होता. दुपारी तीनच्या सुमारास सातपुड्याकडून आभाळ चढलं. काळं नव्हतं ते. जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट रंग होता. वारा एकदम पडला आणि पाखरं गप्प झाली.

मोठाले थेंब आले, आणि त्यांच्या मागोमाग गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. झाडावरचं पिकलेलं फळ पटापट खाली यायला लागलं. गार कोणती आणि संत्रा कोणता हे पडण्याच्या आवाजावरून कळेना. तोडणारे शिड्या टाकून कोठ्याकडे पळाले. कोठा म्हणजे टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी टिन आणि एक बाजू उघडी. मागच्या वर्षीच्या वादळात छप्पर उडालं होतं, म्हणून या वर्षी ते मागच्या मोहाच्या झाडाला जाड तारेनं आवळून बांधलं होतं. इकडे सगळे असंच करतात.

पुंडलिकराव कोठ्याकडे गेले नाहीत. एक रिकामं कॅरेट डोक्यावर धरून ते धुऱ्याकडच्या, म्हणजे शेताच्या बांधालगतच्या बुटक्या झाडांच्या ओळींत शिरले आणि उकिडवे बसले. बाई मागे आल्याच.

"तू जाय तिकडे."

"अन् तुम्ही?"

"मी हावो इथं."

"मग मी बी हावो."

कोठ्यातून इंदू ओरडली. ही तोडणाऱ्या बायांची म्होरकी, भीमनगरातली, जिभेनं तिखट. "बाबाजी, या न आत! आम्ही नाही मानत पायाळू-बियाळू. बिजली काय आधार कार्ड पाहून पडते का?"

आतली माणसं हसली. हसली, पण जागा करून द्यायला कुणी हललं नाही. सुखदेव नावाच्या तोडणाऱ्यानं मान वर करून टिनाकडे पाहिलं. पुंडलिकरावांना ते लांबूनही दिसलं.

तेवढ्यात एक गार बाईंच्या कपाळावर बसली. रक्त आलं, आणि पाण्याबरोबर नाकावरून उतरलं. त्यांनी पदरानं पुसलं, जसा घाम पुसावा.

"भूपेनची माय, ऐक," पुंडलिकराव म्हणाले. "तापातून उठली तू. नातीच्या लग्नात नाचली तवापासून कंबर धरली हाय ते येगळंच. इथं चिखलात बसशीन तर उद्या मलेच लाथ मारा लागन."

"मारा. शेहेचाळीस वर्षं टाइम नाही भेटला तुम्हाले."

"हासू नको. जाय."

"नाही जात."

तेव्हा त्यांनी तिला आन घातली. "माह्या गळ्याची आन हाय तुले."

एवढ्या वर्षांत त्यांनी कधी आन घातली नव्हती. गळ्याची आन मोडली तर ज्याचा गळा त्याचं वाईट होतं, असं ती मानत होती. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. चिडली होती. मग पोतं डोक्यावर घेऊन उठली, आणि गारांतून एका हातानं कंबर धरून चालत कोठ्यात गेली.

पुंडलिकराव कॅरेटच्या भोकांतून पाहत होते. इंदू उठून उभी राहिली, आपली जागा दिली. कोठ्यात तीच एक जागा कोरडी होती, मागच्या लोखंडी खांबाजवळची. "मावशी, इथं टेका, पाठीले आधार होईन." बाई टेकल्या. पोतं डोक्यावरच राहू दिलं. धुऱ्याकडे पाहून हात हलवला, म्हणजे पोहोचले.

मग सगळं पांढरं झालं.

आवाज झाला असेल. लोक सांगतात मोहगावपर्यंत भांडी हलली. पुंडलिकरावांना आवाज आठवत नाही. त्यांना वाटलं, आली एकदाची. साठ वर्षं जिची वाट पाहिली ती आली, आणि आपण मेलो. त्यांनी हात पाहिला. हात होता. बोटं हलवली, ती हलली. गारा कॅरेटवर वाजतच होत्या. मग बाया किंचाळल्या, आणि किंचाळणं कोठ्याकडून येत होतं.

ते उठले, निघाले. ओळींमध्ये फळांचा सडा पडला होता. एकाही फळावर पाय पडू नये म्हणून ते जपून, वळसे घेत चालले. असं का चाललो हे त्यांना पुढेही सांगता आलं नाही.

मोहाचं झाड वरपासून खालपर्यंत उकललं होतं, आतलं लाकूड नव्या पाटासारखं पांढरं. तार जागोजागी वितळून तुटली होती. इंदूचा उजवा हात भाजला होता. सुखदेव कान धरून बसला होता, त्याला ऐकू येत नव्हतं. जयवंताबाई टेकल्या होत्या तशाच होत्या, डोक्यावर पोतं.

"चाल," पुंडलिकराव म्हणाले. "थांबून राहिलं आता."

सौंसरला नेलं. नेलं म्हणजे पिकअपमध्ये, कॅरेटच्या मधोमध. डॉक्टरांनी पाहिलं आणि भूपेंद्रला बाजूला बोलावलं. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपून आणली आणि दुपारी जाळली. स्मशानातून परत येताना बागेत झाडांच्या सावलीला गारांचे ढीग अजून विरघळायचे होते. पुंडलिकरावांनी आंघोळ केली. जेवा म्हटलं, जेवले. झोपा म्हटलं, झोपले. सावरगावहून चंचल रडत आली, तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ठेवायचा असतो हे त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ओसरीवर माणसं बसली असताना पुन्हा ढग वाजले. पुंडलिकराव सवयीनं उठले. कुणाला खोकला आला नाही. कुणी सरकलं नाही.

"कुठं चालले बाबाजी? बसा न," एकजण म्हणाला. "आता काय. पडून गेली न ते."

ते खाली बसले. सतरंजीवर दोन्हीकडून माणसांचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लागत होते. पावसात इतक्या लोकांमध्ये ते आयुष्यात बसले नव्हते. त्यांना काहीच वाटलं नाही. लोक पाहून राहिलेत, म्हणून त्यांनी सुपारी घेतली.

संध्याकाळी इंदू आली, हाताला पट्टी बांधून. दारातच उभी राहिली.

"बाबाजी, मीच बसवलं मावशीले तिथं."

"पाठीले आधार होता न?"

"हाव."

"मग."

इंदूनं हाताची पट्टी सारखी केली. मग म्हणाली, "झाडावर पडली होती ते. तारेनं आली खांबात. माह्या अभिजीतनं सांगितलं, तो शिकते न आयटीआयमध्ये. तुम्ही आत असते का बाहेर असते, पडाची तिथंच पडली असती. तुमचा काही दोष नाही, अजिबात नाही."

ती समजूत घालायलाच आली होती. पुंडलिकराव ते वाक्य मनात घेऊन बसले. आपण असलो-नसलो तरी वीज पडायची तिथंच पडते. म्हणजे वऱ्हांड्याचं टोक, गोठ्यातलं अंथरूण, इतक्या वर्षांतलं ते उठून जाणं. आणि ती आन. पुढे विचार जाईना. गेला नाही म्हणून त्यांनी सोडून दिला, आणि इंदूला म्हणाले, "चहा घेऊन जाय."

पटवारी मंगळवारी आला. पंचनामा करायचा होता. ओसरीवर खुर्ची टाकली. भूपेंद्र शेजारी उभा राहिला.

"घटनेच्या टायमाले तुम्ही कुठं होते, बाबाजी?"

"धुऱ्यावर. चाळीस पावलं असन."

"गारा पडत होत्या अन् धुऱ्यावर काहून?"

"मी पायाळू हावो."

पटवाऱ्यानं पेन थांबवला. भूपेंद्रकडे पाहिलं. "अन् मयत बाई कोठ्यात कशा काय गेल्या?"

"मी पाठवली," पुंडलिकराव म्हणाले. "ते नाही म्हणत होती. मी आन घातली, तवा गेली."

"बाबा, हे नाही लिहा लागत," भूपेंद्र हळूच म्हणाला.

"लिहा न," पुंडलिकराव म्हणाले. आवाज चढला नाही की उतरला नाही. "त्यायनं विचारलं म्हणून सांगून राहिलो."

पटवारी वयानं भूपेंद्रएवढाच होता. त्यानं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "बाबाजी, या कागदावर त्याच्यासाठी जागा नाही. कोण वारलं, कवा वारलं, तेवढंच सांगा."

पुंडलिकरावांनी टोपी नीट केली. चार दिवसांत हे वाक्य घरात कुणीच पुरतं उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते सावकाश सांगितलं, आणि पटवाऱ्यानं तसंच लिहून घेतलं. जयवंताबाई पुंडलिकराव कळंबे, उमर त्रेसष्ट, शनिवार, अठरा मार्च दोन हजार तेवीस, दुपारी साडेतीन वाजता वीज पडून वारली.