तबकाच्या कडेवरचे अंगठे

मित्रांनो, मी एक जुने तबक आहे. तुम्ही मला कधीतरी पाहिले असेल, पण लक्षात ठेवले नसेल. पदके देण्याच्या समारंभात पाहुण्यांच्या हाताशी निळ्या मखमलीने मढलेले जे काही असते, ते मी. पाहुणे माझ्यावरून पदक उचलतात, टाळ्या वाजतात आणि सगळ्यांचे डोळे पदकामागे जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरे तर तबकाने गोष्ट सांगावी का, याचीच मला अजून खात्री वाटत नाही. पण इतक्या जवळून हे सगळे पाहणारे दुसरे कोणी नव्हते, म्हणून सांगतो. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म भोपाळच्या जुन्या शहरातल्या एका अरुंद गल्लीत झाला. कारागिराने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला आकार दिला, कडेवर वेल कोरली, दोन बाजूंना दोन कान बसवले आणि वरून चांदीचा मुलामा दिला. "ये तो शादीवाले घर जाएगा," असे तो शेजाऱ्याला म्हणाला. मीही तेच मनात धरून बसलो. पेढे, विड्याची पाने, अत्तरदाणी अशी माझी स्वप्ने होती. पण एके दिवशी खाकी कपड्यांतला एक तरुण दुकानात आला. त्याने मला उलटेपालटे केले, टिचकी मारून आवाज ऐकला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून थेट पोलीस लाइनीत नेले. तो शांताराम. मुलताईकडचा मराठी माणूस. पुढे तो हवालदार झाला, समारंभाच्या सामानाचे कोठार त्याच्याकडे आले आणि बँडचे ढोल, घडी केलेले झेंडे व मी असे आम्ही सगळे त्याचे कुटुंब झालो.

वर्षातून काही वेळा मला बाहेर काढत. शांताराम दंतमंजनाने मला घासायचा, मखमलीवरची धूळ झटकायचा. मग एखादी महिला शिपाई मला हातात घेऊन मंचावर उभी राहायची. तबक बाईनेच धरायचे, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. कोणीतरी कधीतरी "शोभून दिसतं" असे म्हटले असावे आणि तेव्हापासून ते चालू राहिले. सुरुवातीला लाइनीत बायकाच कमी होत्या. मग लांबच्या ठाण्यांतून त्यांना बोलावणे जाई. एकजण चौकशी अर्धी टाकून येई, एक रात्रपाळी करून तशीच लाल डोळ्यांनी उभी राही. मला त्यांचे चेहरे नीट दिसत नसत. मी त्यांना अंगठ्यांवरून ओळखत असे, कारण माझ्या कडेवर अंगठेच असत.

संपदाचे अंगठे प्रथम आले तेव्हा ते थरथरत होते. तिचे आजोबा सरकारी कचेरी हलली तेव्हा नागपूरहून इकडे आलेले, घर कोलार रोडला. प्रशिक्षण संपवून ती नुकतीच रुजू झाली होती.

"पोरी, पोटाशी काय धरून राहिली? पाटावर बसून पोळ्या लाटायच्या आहेत का?" शांताराम म्हणाला. "पोटाच्या वर धर. बोटं आत. नुसते अंगठे बाहेर."

"काका, आणि बघायचं कुठे?"

"कुठंच नाही. तबक धरणारी दिसायला नको, तबक दिसलं पाहिजे."

ती हसली आणि तसेच शिकली. इतके छान शिकली की पुढे दर वेळी तिलाच बोलावणे येऊ लागले. लाइनीचे निरीक्षक सुभाषसाहेब तर म्हणत, "संपदा है ना, फिर क्या टेंशन!" मनाने ते वाईट नव्हते. ते जसे पाहत आले होते तसेच करत होते.

वर्तमानपत्रात समारंभांचे फोटो येत. संपदा एकदा मखमल बदलायला कोठारात आली, तेव्हा तिने शांतारामला सांगितले, "काका, काल जुईनं पेपर हातात घेतला. म्हणते, आई, यात तू कुठे? मी म्हटलं, हा बघ, हा माझा अंगठा."

"मग?"

"मग काय! शाळेत सगळ्यांना अंगठा दाखवून आली. बाई म्हणाल्या, छान."

दोघेही हसले. मग संपदा उगाचच बराच वेळ मखमलीचा एकच कोपरा ओढत बसली.

त्यानंतर महामारी आली आणि समारंभ बंद झाले. संपदा दिवसभर चौकात उभी राहायची आणि मी कोठारात ढोलामागे पडून असायचो. ओलीने मी काळा पडलो. मुलामा उडाला आणि पितळ दिसू लागले. कोणीतरी म्हणाले, हे मोडीत घाला, स्टीलचे नवीन आणा. शांतारामने मला झेंड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आणि विचारणाऱ्याला "सापडत नाही" म्हणून सांगितले. कोणालाच नको असणे म्हणजे काय, ते मला त्या माळ्यावर कळले. 

समारंभ पुन्हा सुरू झाले तेव्हा शांतारामला मी माळ्यावर 'सापडलो'. त्या दिवसांत संपदाच्या हातात एक काम होते. हबीबगंज स्टेशनाबाहेर, म्हणजे आता त्याचे नाव बदलले आहे पण लोक हबीबगंजच म्हणतात, तिथे भुट्टे, म्हणजे मक्याची कणसे, भाजून विकणाऱ्या एका बाईची मुलगी हरवली होती. ठाण्यातले बहुतेक जण आशा सोडून बसले होते. संपदाने सोडली नव्हती. एका सकाळी एका ट्रकच्या क्लीनरने तिला सांगितले की नर्मदापुरमच्या रस्त्यावर एका ढाब्यावर अशी मुलगी भांडी घासताना दिसली. ती निघणार एवढ्यात निरोप आला की समारंभाची रंगीत तालीम आहे, तबक धरायला या.

"सर, आज ही जाना पड़ेगा," ती सुभाषसाहेबांना म्हणाली.

"अरे, ढाबा कहीं भागा जा रहा है? कल चली जाना."

त्या दिवशी तिचे अंगठे माझ्या कडेवर असे रुतले होते की कोरलेली वेल तिच्या कातडीवर उमटली असेल. ढाबा पळाला नाही, पण सुगावा लागताच ढाबेवाल्याने मुलीला दुसरीकडे हलवले. दुसऱ्या दिवशी संपदा तिथे पोचली तेव्हा मोरीत फक्त ओली भांडी होती.

ती परत आली, कोठारात आली आणि उभ्यानेच म्हणाली, "काका, मी आता हे तबक धरणार नाही."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, संपदाला काम आहे."

ती मला रागावली नव्हती, हे मला कळले. जाताना तिने माझ्यावरची धूळ बोटाने पुसली. बोलणी तिला खावी लागली. "बड़ी अफसर हो गई!" असे टोमणेही ऐकू आले. पण त्यानंतर प्रत्येक साप्ताहिक सुट्टीला ती मुलीचा फोटो घेऊन एकेका ढाब्यावर जात राहिली. घरचे म्हणायचे, सुट्टी जुईला दे. मग जुईला सोबत घेऊन ती जाऊ लागली. दोघी चहा आणि पोहे मागवायच्या आणि भांडी कोण घासते ते पाहायच्या. अखेर एका ढाब्यावरच्या पोराने फोटो ओळखून पत्ता सांगितला आणि ती मुलगी सापडली. ढाबेवाल्याच्या मेहुण्याच्या घरी तिला कोंडून कामाला लावले होते. भुट्टेवाल्या बाईने मुलीला घट्ट धरले आणि संपदाला शिव्या दिल्या म्हणे, "इतनी देर क्यों लगाई!" असे ओरडली आणि मग तिच्याच खांद्यावर डोके ठेवून रडली. संपदाने त्या शिव्या खाली मान घालून ऐकल्या. हे मला शांतारामने सांगितले. तो एकटा असला की माझ्याशी बोलतो.

त्याच वर्षी उत्तम काम करणाऱ्या महिला पोलिसांचा गौरव करायचे ठरले. त्यात संपदाचे नाव होते. शांतारामने मला कोठारातून बाहेर काढले आणि हात दुखेपर्यंत घासले.

तालमीच्या दिवशी संपदा कडक इस्त्रीचा गणवेश घालून आली. सुभाषसाहेबांनी तिला पाहिले आणि त्यांच्या तोंडून सवयीने निघाले, "चलो संपदा, तबक उठाओ."

"सर, इस बार मैं लेनेवालों में हूँ."

सगळे हसले, साहेबही हसले. पण मग त्यांच्या लक्षात आले की तबक धरायला कोणीच नाही. संपदाने सोडल्यापासून ज्या धरायच्या, त्या सगळ्या पदक घेणाऱ्यांच्या रांगेत उभ्या होत्या आणि बाकीच्या विसर्जनाच्या बंदोबस्ताला गेल्या होत्या.

साहेब म्हणाले, "ऐसा करो, बाकी सबके लिए तुम पकड़ लो. अपनी बारी आए तो किसी को थमा देना."

"नहीं सर."

"तो अश्विनी को बुलाओ. नई लड़की है, सीख जाएगी."

अश्विनी ठाण्यातल्या महिला मदत कक्षात होती. सकाळपासून तिच्यासमोर तक्रार घेऊन आलेली एक मुलगी बसली होती आणि तिने कुठे आत्ता बोलायला तोंड उघडले होते. हे संपदाला ठाऊक होते, कारण ती तिथूनच येत होती.

"सर, तिला उठवू नका," ती आधी मराठीत बोलून गेली. मग हिंदीत म्हणाली, "अश्विनी उठेगी तो वो लड़की घर चली जाएगी. फिर नहीं आएगी. उसे बुलाना है तो मैं मंच पर नहीं आऊँगी."

उद्या जुई पुढच्या रांगेत बसणार होती. तिने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवले होते की या वेळी माझी आई अख्खी दिसणार. तरी संपदा मागे हटली नाही.

"सोच लो," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ऊपर जवाब मुझे देना है."

"सोचलंय, सर."

"तो पकड़ेगा कौन? कोई मर्द तबक पकड़ेगा? कैसा लगेगा!"

तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आला. शांताराम पुढे झाला. त्याची निवृत्ती जवळ आली होती, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "साहब, मैं पकड़ता हूँ. इन सबको सिखाया तो मैंने ही है."

कोणीतरी फिस्सकन हसले. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, संपदाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि हात झटकून म्हणाले, "पकड़ो."

मित्रांनो, इतक्या वर्षांत शांतारामने मला घासले होते, झाकले होते, लपवले होते. पण मंचावर कधी धरले नव्हते. दुसऱ्या दिवशी बँड वाजला आणि त्याचे खरबरीत अंगठे माझ्या कडेवर आले, तेव्हा मला संपदाचे पहिल्या दिवशीचे थरथरते अंगठे आठवले. याचे त्याहून अधिक थरथरत होते. पदकांच्या डब्या एकमेकींवर वाजू लागल्या. घाबरून त्याने मला पोटाशी ओढून घेतले आणि मी एका बाजूला कलंडलो. एक डबी घसरत कडेपर्यंत आली.

नेमके तेव्हाच संपदाचे नाव पुकारले गेले. ती पाहुण्या बाईंसमोर आली, सलाम ठोकला आणि ओठ न हलवता पुटपुटली, "काका, पोटाच्या वर. बोटं आत."

शांताराम सावरला. मीही सरळ झालो.

"आपने कुछ कहा?" पाहुण्यांनी विचारले.

"कुछ नहीं मैडम, तबक से बात कर रही थी."

पाहुण्या हसल्या आणि त्यांनी माझ्यावरून पदक उचलून तिच्या छातीवर लावले. पुढच्या रांगेतून "आई!" अशी हाक आली. संपदाने मान वर करून थेट त्या हाकेकडे पाहिले. मंचावर कुठे बघायचे, हे त्या दिवशी तिला कोणाला विचारावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. पूर्ण चेहरा, टोपी, पदक, सगळे स्पष्ट. खालच्या कोपऱ्यात माझी कड होती आणि कडेवर दोन सुरकुतलेले अंगठे. जुई तो कागद घेऊन आईबरोबर कोठारात आली.

"आजोबा, हे अंगठे कोणाचे?"

शांतारामने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "ओळख बरं!"

आता तो फोटो कोठाराच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलेला आहे. अश्विनीसमोर बसलेल्या त्या मुलीने तालमीच्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आपले सगळे सांगितले आणि तिची तक्रार नोंदवली गेली. अश्विनी त्या दिवशी जागेवरून उठली नाही. सुभाषसाहेब काही दिवस घुश्शात होते. पण पुढच्या समारंभाआधी त्यांनी परागला कोठारात पाठवले. पराग हा उंच, धिप्पाड शिपाई, "मुझे ही क्यों?" म्हणत आलेला. त्याला शिकवायला संपदा उभी होती. "पोटाशी काय धरलंस रे? पोळ्या लाटायच्या आहेत का?" हे ऐकून मी मखमलीखाली हसलो.

माझे आता फार दिवस उरले नसावेत. माझा एक कान सैल झाला आहे, वेल झिजली आहे. जमले तर अधूनमधून मला घासत जा, ओलीत टाकू नका, मोडीत घालण्याआधी एकदा विचार करा. एवढे माझ्यासाठी. आणखी एक मागणे आहे. ते सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगतोच. पुढच्या समारंभात तबक धरायला कोण हवे, असे कोणी विचारले तर कामात बुडालेल्या बाईकडे पाहू नका. ज्याचे हात रिकामे असतील, त्याने मला उचलावे.