येसर कुणाच्या लग्नाचं

माझ्या राजनंदिनीचा पहिला वाढदिवस होता आणि येणाऱ्या बायकांना प्लास्टिकचे डबे वाटायचे नाहीत, असं मी ठरवून टाकलं. काचेच्या बरणीत येसर, म्हणजे आमटीसाठी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, भरून द्यायचं. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं, लसणाची फोडणी दिली की आमटी तयार. एम.कॉम. झालेल्या बाईला एवढं तरी सुचायला हवं.

बरण्या मी उकळून काढल्या, उन्हात वाळवल्या, परत पुसल्या. एखादी दमट राहिली तर पिठाला जाळी धरेल, जाळी धरली तर कुणाचं तरी पोट बिघडेल आणि पोट बिघडलं तर जन्मभर माझं नाव निघेल. एक डोळा बरण्यांवर, दुसरा राजनंदिनीवर, कारण धण्याचा दाणा नाकात मावतो हा शोध तिला नुकताच लागला होता. सासूबाई मोठ्या कढईत गहू, बाजरी, डाळ, मिरे, खोबरं भाजत होत्या. अख्खी गल्ली शिंकत होती.

दळून आल्यावर चार घरी मी चव बघायला म्हणून बरण्या आधीच पाठवल्या. झाकणावर लाल फडकं, फडक्यावर कुंकवाचं बोट. दिसायला इतकं गोड दिसत होतं की मी फोटोही काढला.

तिथंच चुकलं. आमच्या नांदूरघाटात घरच्यापुरतं येसर वाटीभर करतात. घमेलंभर करतात ते घरात लग्न निघाल्यावर. आणि आमच्या घरात लग्नाची एकच मुलगी होती, माझी नणंद संगीता. तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी आठवड्यावर आलेली. भरती होईपर्यंत सोयरिकीचं नाव काढणार नाही, असं सासूबाईंनी तिला कबूल केलं होतं.

पहिल्यांदा शेजारच्या छबुबाई आल्या त्या थेट सासूबाईंपुढंच.

"विमल, लेकीचं जमवलंस अन् आमाला पत्ता न्हाई. आमी काय परके हाव का?"

"कुणाचं जमलं?" सासूबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"राहू दे. नाक हाय की आमाला."

तासाभरात ओट्यावर बायका बसून लग्नाची गाणी म्हणायला लागल्या. संगीता पळायचा सराव करून घामाघूम होऊन आली, तर कुणीतरी तिच्या गालाला हळद फासली.

"वहिनी, हे काय?"

"बरण्या," मी म्हणाले.

मग आष्टीहून सासूबाईंच्या भावाचा फोन. बबनमामा म्हणजे घरातला शेवटचा शब्द. "भाचीचं लग्न अन् मामाला तिसऱ्याकडून कळतंय. निघालो मी."

मामा मोटारसायकलवरून आले ते फुगूनच. घोटभर पाणी प्यायले. जमलंबिमलं काही नाही असं ऐकल्यावर मात्र त्यांचा राग कुठल्या कुठं गेला आणि त्यांनी खिशातून एका मुलाचा बायोडाटा काढला.

"मग तर लई बेस. पोरगा आपल्या बघण्यातला हाय. येसर तयारच हाय, पुढल्या आठवड्यात उरकून टाकू."

"पुढल्या आठवड्यात चाचणी हाय मामा," संगीता म्हणाली. गालावर हळद, पायात बूट.

"लग्न झाल्यावर बी पळता येतंय की."

सासूबाई भावापुढं बोलत नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. संगीतानंही बघितलं. मी येणारं हसू दाबलं आणि पुढं झाले. काखेत राजनंदिनी माझं मंगळसूत्र चघळत होती.

"मामा," मी म्हणाले, "मामाला न बोलावता लग्नाचं येसर दळलेलं तुम्ही कुठं बघितलंय का?"

"छे. कुणाची हिंमत हाय?"

"मग हे लग्नाचं कसं असेल? दळण परवाच झालं. तुम्ही तर आत्ता येताय."

मामांनी बरणीकडं बघितलं. हे लग्नाचं म्हणावं तर भर गल्लीत त्यांचा अपमान झालेला. अपमान झाला नाही म्हणावं तर लग्नच नाही.

"खरंय की," छबुबाई दारातून म्हणाल्या. "मामा कुठं व्हता?"

मामा उठले, टोपी सारखी केली आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले.

"ऐका गं बायांनो. हे नातीच्या वाढदिवसाचं हाय. भाचीचं लग्न माझ्याबिगर निघत न्हाई."

"मग कवा निघणार?" एकीनं विचारलं.

"आधी पोरगी भरती व्हईल. मग मी सांगन कवा ते."

बोलून गेले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. पण वीस-पंचवीस बायकांनी ऐकलं होतं. सासूबाई पदराआड तोंड करून हसत होत्या. संगीतानं गालावरची हळद बाहीनं पुसली आणि बुटाची नाडी आवळली.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ती पळत होती आणि मामा मोटारसायकलवरून तिच्या बाजूबाजूनं जात ओरडत होते, "हात हलव, हात. माझ्या शब्दाचा सवाल हाय."