तांब्याच्या तारेतली ऑर्किडं

कॉइलकाकांचं खरं नाव काय, हे त्यांच्या दुकानाच्या पाटीवरून कळायची सोय नव्हती. पाटीवर ‘मोटर रिवाइंडिंग’ एवढंच होतं, आणि जळालेले पंखे नि बंद पडलेले पंप घेऊन येणारी माणसं त्यांना कॉइलकाकाच म्हणायची. मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपटून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा चिकटवून भरायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. हाताला कसब असं, की वेढे यंत्राने घातलेत की माणसाने ते ओळखू येऊ नये. पण कौतुकाच्या बाबतीत माणूस भलताच चिकट. भाजी कशी झालीय विचारलं, तर म्हणणार, "झालीय." ताट चकचकीत पुसलं गेलं की आवडली असं समजायचं, हे काकू फार पूर्वीच शिकल्या होत्या.

काकूंना ऑर्किडांचं वेड होतं. बाथरूमच्या खिडकीत, काका जिथे आरशासमोर दाढी करायचे तिथेच वर, त्यांच्या कुंड्या ओळीने बसलेल्या. पण ही झाडं मुळात मातीतली नव्हेत. ती मोठ्या झाडांच्या खोडांना धरून हवेत वाढणारी. काकूंच्या मनात होतं, की बैठकीच्या खोलीतल्या मोकळ्या भिंतीवर, सोफ्यासमोर, एकेक झाड एकेका फळीवर बांधून चित्रासारखं टांगावं. त्यांनी सालीसकटच्या फळ्या आणल्या, मुळांखाली घालायला शेवाळ आणलं, बांधायला नायलॉनचा बारीक दोरा आणला. राहिलं होतं ते भिंतीत हुक ठोकणं. ते काम काकांचं, आणि काका म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे नाही, हे काकूंना सांगायची गरज नव्हती. फळ्या पलंगाखाली गेल्या.

मग लेकीचे दिवस भरत आले आणि काकू तिच्याकडे गेल्या, ते चांगल्या तीन-चार महिन्यांसाठी. पहिले काही दिवस काकांना मजा वाटली. दिवा चालू ठेवा, चपला कुठेही काढा, कुणी बोलणारं नाही. मग हेच टोचायला लागलं, की कुणी बोलणारं नाही. संध्याकाळी दुकान बंद करायची पूर्वी कोण घाई असायची! आता ते दुरुस्त झालेले पंखे पुन्हा पुन्हा फिरवून बघत बसायचे. एका सुट्टीच्या सकाळी केरसुणी पलंगाखाली घातली आणि फळ्या बाहेर आल्या. काका त्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. ‘ती यायच्या आत भिंत तयार करायची,’ त्यांनी ठरवलं. आयुष्यात बायकोला न सांगता तिच्यासाठी काही करायची ही पहिलीच वेळ होती, आणि त्या नुसत्या विचारानेच त्यांचे कान गरम झाले.

काम मात्र त्यांनी फार निगुतीने केलं. कुंडीतून झाड अलगद सोडवलं, मुळं धुतली, फळीवर ओल्या शेवाळाची गादी केली, तीवर झाड निजवलं. आता बांधायचं. नायलॉनचा दोरा हातात घेतल्यावर काकांना हसूच आलं. हा कसला दोरा? मासे धरायचा! आपल्या बायकोची झाडं असल्या दोऱ्याने बांधायची? ते दुकानात गेले आणि घरातल्या माणसासाठी जे सगळ्यात चांगलं ते घेऊन आले. कोऱ्या तांब्याच्या तारेचं रीळ. त्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, जोडाच्या टोकांना तो खरवडायचा अशी रीत. काकांनी टोकंच काय, अख्खी तार घासून घासून सोन्यासारखी लखलखीत केली आणि मुळांवरून वेढ्याला वेढा लावून अशी भरली, की बघत राहावं.

काकूंची धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत पार्लर चालवायची. ती डबा द्यायला आली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"भावजी, ह्यांना बटण कुठंय?"

"कसलं बटण?"

"नाही म्हटलं, चालू केली की फिरायला लागतील."

"तुझ्या ताईला आवडेल का ते सांग."

मेहुणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. भावजींनी आजवर तिला विचारलेला हा पहिलाच धड प्रश्न असावा. "आवडेल," ती म्हणाली, आणि थट्टा तिथेच थांबवली.

काका रोज सकाळी एकेक फळी हुकावरून काढायचे, बादलीत बुडवायचे, निथळवून पुन्हा टांगायचे. पण थोड्याच आठवड्यांत मुळांची हिरवी टोकं काळी पडायला लागली आणि पानांना सुरकुत्या आल्या. काकांना वाटलं, तहान लागली असेल. मग सकाळी एकदा, दुपारी जेवायला आले की एकदा, आणि संध्याकाळी पुन्हा. अति तिथे माती, ही म्हण दुसऱ्यांना ऐकवायला ते कायम तयार असत, स्वतःच्या बादलीशी मात्र ती त्यांना आठवली नाही. सगळ्यात थोरलं झाड, लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी काकूंनी आणलेलं, बुडाशी मऊ आणि तपकिरी झालं.

फोनवर काकू विचारायच्या, "झाडं कशी आहेत?"

"बरी आहेत."

"पाणी देताय ना?"

"देतोय ना!" हे मात्र अगदी खरं होतं.

शेवटी मेहुणीच एक फळी उचलून रोपवाटिकेतल्या बाईंना दाखवून आली. आल्या आल्या तिने पार्लरची कात्री पर्समधून काढली. "भावजी, तार कापा. तांबं ह्यांना विष आहे म्हणे."

"काहीतरीच! तांबं आणि विष? तांब्यावर आपलं घर उभं राहिलंय."

"घर उभं राहिलं असेल. झाडं आडवी होतायत."

ज्या हातांनी भरली त्याच हातांनी काकांनी तार कापली, एकेक वेढा मुळाला धक्का न लावता सोडवला, आणि मेहुणीने दाखवलं तसं नायलॉनच्या दोऱ्याने झाडं पुन्हा बांधली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. पाणी कमी केल्यावर बाकीची झाडं हळूहळू सावरली. थोरल्याचं शेवटचं पान गळालं, तेव्हा काकू यायला आठवडा उरला होता.

मग काकांच्या डोक्यात नको तो किडा वळवळला. मेहुणीलाही न सांगता ते रोपवाटिकेत गेले आणि तसलंच एक झाड मागितलं. पानांची लांबी हाताने दाखवली, मुळांची जाडीसुद्धा सांगितली.

"आणि फूल कोणत्या रंगाचं?" बाईंनी विचारलं.

"जांभळं," काका ठामपणे म्हणाले. ऑर्किड म्हटलं की जांभळंच.

नवं झाड फुलांनी लगडलेलं होतं. ते घेऊन काका घरी आले, मोकळी फळी मांडीवर घेतली, दोरा ओवला आणि थांबले. आता ती दारातून आत येणार, भिंत बघून हरखणार आणि विचारणार, हे माझंच ना? आणि आपण हो म्हणणार. फोनवर ते खोटं बोलू शकले होते. समोरासमोर जमेल असं त्यांना वाटेना. त्यांनी झाड तसंच उचललं आणि दुकानात नेऊन ठेवलं.

काकू आल्या. सामान दारातच राहिलं. भिंतीसमोर त्या तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग प्रत्येक झाडाशी जाऊन पानाखाली बोट घालून बघत बघत मोकळ्या फळीशी पोचल्या.

"थोरलं कुठंय?"

काकांनी सगळं सांगितलं. तार, वार्निश, बादली, ‘बरी आहेत’, काही म्हणून लपवलं नाही. बाथरूमच्या खिडकीत जपून ठेवलेलं ते वाळकं खोड आणून त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते बुडाशी दाबून पाहिलं, नखाने जरा खरवडलं.

"नाही हो. गेलंय हे."

"मी तसंच दुसरं आणलंय," काका खाली बघत म्हणाले. "तुला फसवायला आणलं होतं. मग नाही लावलं. दुकानात आहे."

"आणा बघू."

काका जवळजवळ पळतच गेले आणि झाड छातीशी धरून आले. काकूंनी त्या जांभळ्या घोसाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की सोफ्यावर बसावंच लागलं.

"अहो, माझं पांढरं होतं! दर वर्षी तुमच्या डोक्यावर फुलायचं, तुम्ही दाढी करायचात तिथे!"

काका हसले नाहीत. झाड हातात तसंच धरून उभे राहिले. इतकी वर्षं ते फूल त्यांच्या डोक्यापासून हातभर वर उमलत होतं, कुणीतरी रोज त्याला पाणी घालत होतं, आणि त्यांनी मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी पाहिलंच नाही गं कधी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "झाडच नाही. काहीच नाही पाहिलं. तू घरात होतीस, म्हणून सगळं आपोआप चाललंय असं वाटायचं. तू गेलीस आणि मला संध्याकाळी घरी यावंसंच वाटेना. तुझ्यासाठी एक गोष्ट नीट करायची होती मला, तर तीही मारून टाकली."

काकूंचं हसणं थांबलं होतं. लग्न झाल्यापासून एवढी वाक्यं एका दमात त्यांनी ह्या माणसाकडून ऐकली नव्हती. त्यांनी पदराने आधी आपले डोळे पुसले, मग काकांचे.

"झाड गेलं हो. मी आलेय ना?" त्या म्हणाल्या. "बसा इथे. ते जांभळं आणा इकडे आणि दोरा द्या."

दोघं जमिनीवर फळी मध्ये घेऊन बसले. काकांनी मुळं शेवाळावर धरली, काकूंनी दोरा फिरवला. गाठ मारताना दोरा निसटायला लागला, तेव्हा काकांनी काकूंच्या हातावर आपला हात ठेवला, आणि गाठ बसल्यावरही तो लवकर काढला नाही.