आठवा आकडा

कैलासने भागीआजीचा हात दिव्याखाली ओढला आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला तिचा बारा आकडी रेशनचा नंबर दुसऱ्यांदा टाइप केला. कॉम्प्युटरने दुसऱ्यांदा सांगितले, असा माणूसच नाही.

"आता एकच संधी," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा चुकलं की लॉक. आणि पाचला यादी बंद."

आजी जिवंत असल्याची नोंद आज झाली नाही, तर तिचे नाव कापले जाणार होते. तिची नात प्रियंका कैलासच्या बोईसरमधल्या रेशन नोंदणी केंद्रात सारखी दारापर्यंत जायची, घड्याळ बघायची, परत यायची. चार बेचाळीस.

"मूळ कार्ड कुठंय?"

"शेळीनं खाल्लं," आजी म्हणाली. "शेळी आमी खाल्ली."

कैलासने मान डोलावली. "नंबरला अकराने भाग जायला हवा. नाही गेला, तर एखादा आकडा चुकलाय."

प्रियंकाने त्याच्या हातातले पेनच ओढून घेतले. ४७२०९१६३५८३४. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा: एकोणतीस आणि तेवीस. फरक सहा. हवा शून्य, नाहीतर अकरा. पण शून्याचा सहा केला तरी जमत होते, एकाचा सात केला तरी, नवाचा तीन केला तरीही. प्रत्येक दुरुस्तीतून एक वेगळीच आजी निघत होती. चार एक्कावन्न.

"आजी, गोंदणारीनं चूक कुठं केली?"

"तिनं नाय केली."

"मग?"

आजीने बोटाने चाचपत आकडे मोजले आणि आठव्यावर थांबली. "यो माझा नाय. मंजुळीचा हाय."

मंजुळा तिची बेटेगावची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी गेली. दोघी एकाच दिवशी गोंदायला बसल्या होत्या. मेल्यावर बाईसंगं गोंदणच तेवढं येतं, आजी सांगत होती. वर वळख पटावी म्हणून दोघींनी आठवा आकडा अदलाबदल करून घेतला.

"तिला दिलेला कोणता होता?"

"मला कुठं वाचता येतं?"

प्रियंकाने आठवी जागा रिकामी ठेवून पुन्हा बेरीज केली. तिथे एकच आकडा बसत होता. "नऊ!"

कैलासने नऊ दाबला. भागीचे नाव आले, अंगठा लागला, हयात. चार सत्तावन्न. प्रियंका पहिल्यांदा खुर्चीला टेकली.

कैलास मात्र पडद्याकडेच बघत होता. "बेटेगावच्या मंजुळाबाई? त्यांचा मुलगा दोन वर्षं येतोय. आईच्या हातावरनं नंबर उतरवून आणलाय, पण मशीन घेतच नाही. धान्य बंद झालं, पण मयताची नोंद काही होत नाही. कागदावर बाई अजून जित्या आहेत." त्याने पेन उचलले. "आता सुटेल. बघू तो आठवा आकडा."

आजीने पदर पार मनगटापर्यंत ओढून घेतला.

"आजी, आकडा?"

"शेळीनं खाल्ला."

कैलासने प्रियंकाकडे पाहिले. प्रियंकाने आकडेमोडीचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला.