बोंबलाची जोडी

“हा माजा मेंदू?” दमयंतीने पडद्याकडे बोट केलं आणि लगेच मागे घेतलं. देवाला बोट दाखवल्यासारखं वाटलं तिला.

“तुमचाच, मावशी,” डॉक्टर प्रियदर्शिनी हसल्या.

चाळीस वर्षं सातपाटीहून पालघरच्या बाजारात दमयंतीने डोक्यावर मासळीची पाटी वाहिली. त्या पाटीखाली एवढा कारभार चालतो, हे तिला आज कळत होतं. फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा तो करडा गोळा, आणि त्यात धीरजचा जन्म, गेलेल्या नवऱ्याची शीळ, सगळं मावलेलं! ती हरखून बघत राहिली.

“कॉम्प्युटरने हे चित्र हजारो लोकांच्या चित्रांशी ताडून पाहिलं,” डॉक्टर सांगू लागल्या. “आठवणींचा हा भाग वयाच्या मानाने जास्त आक्रसलाय. परवाच्या चाचण्याही तेच सांगतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. नुसत्या डोळ्यांनी मला हे इतक्यात दिसलं नसतं.”

धीरज उसळला. “मशीनला काय कळतंय? आयेला गावातल्या होड्यांची नावं पाठ हायत! बाजारात दोनदा वाट चुकली, तर हेमांगीनं दवाखान्याचा उगाच धोशा लावला.”

“गप रं. मशीन खरं बोलतंय.”

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर वाळत टाकायची, हे सातपाटीची पोर चालायला लागली की शिकते. महिनाभर दमयंती एकेकटाच बोंबील टाकत होती. तो पडायचा. ती वाऱ्याला शिव्या घालायची, कावळ्यांवर आळ घ्यायची. दुपारी पाहावं तर सगळे जोडीने लटकलेले. आपणच परत घातले असतील, अशी ती स्वतःची समजूत घालायची. सुनेला, हेमांगीलाही तिने सुगावा लागू दिला नव्हता. आणि डोक्याचं चित्र काढणाऱ्या त्या घरघरत्या यंत्राने एका शब्दानेही न विचारता तिची चोरी पकडली! तिला भीती वाटली, पण त्याहून नवल जास्त वाटलं.

“मंग आता मला घरी बसवनार?”

“मुळीच नाही. लवकर कळलंय. औषधं घ्या, काम करत राहा. फक्त एकट्याने नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीपाशी बोंबील हातात धरून दमयंती थांबली. पुढचं काही केल्या सुचेना. हेमांगी शेजारी आली आणि दुसरा बोंबील तोंड उघडून तिच्यापुढे धरला.

“तुला ठावं होतं?”

“पडलेले कोन उचलत होतं मंग, आई?”

दमयंतीचे डोळे भरले. बोटांनी मात्र जबडा जबड्यात अडकवला, आणि जोडी दोरीवर बसली.